चिंधूबाबांचे वय

दमलेल्या माणसाने बसू नये, असे चिंधूबाबांचे ठाम मत होते. दम लागला की ते हातातली काठी पाठीमागे तिरपी रोवत, तिचे वरचे टोक कमरेच्या किंचित खाली घेत आणि दोन पाय व तिसरी काठी अशा तिवईवर सारा भार सोडून डोळे मिटत. पाहणाऱ्याला वाटे, उभ्या उभ्या झोप लागली. मिनिटाभराने डोळे उघडत, काठी उपटली जाई आणि चाल पुन्हा सुरू होई. "बसलं का गुडघं धरत्यात, गुरुजी. मंग उठायला येगळा दम लागतो. बसायचं नाय. टेकायचं." हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले याची मोजदाद मी ठेवलेली नाही. एरवी मोजदाद ठेवणे हा माझा स्वभावच होता.

त्र्याण्णव साली माझ्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज तीन किलोमीटर चालण्याचा हुकूम दिला. मी तेव्हा नाशिकच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. शाळा दुपारच्या पाळीची असल्याने सकाळ मोकळी होती; मोकळी म्हणजे वह्या तपासून उरेल तेवढी. शहराच्या उत्तर अंगाला, मखमलाबादच्या मळ्यांना लागून एक टेकडी आहे. तिच्यावर सरकारी खात्याने झाडे लावून उद्यान केले होते. फाटकापासून निघालेली वाट करंजांच्या रांगेखालून पाझर तलावाशी जाते, जुन्या दगडाच्या खाणीला वळसा घालते, थोडी चढते आणि गिरिपुष्पाच्या दाटीतून उतरून पुन्हा त्याच फाटकाशी येते. चढ असा की सहा वर्षांचे मूलही कुरकुर न करता चढेल. डॉक्टरांनी सांगितलेले अंतर इथे अनायासे भरत असावे, असा माझा अंदाज होता. परंतु अंदाजावर माझा विश्वास नव्हता. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी पावले मोजू लागलो आणि दर पाचशे पावलांना एकेका दगडावर खडूने आकडा लिहू लागलो.

तिसऱ्या दगडाशी वाकलो असताना मागून आवाज आला, "सायेब, मोजनी कसली चालू हाय?"

खाकी विटून मातकट झालेला सदरा, डोक्याला टॉवेल, हातात काठी, कमरेला कोयता. मी म्हणालो, "काही नाही, सहज."

"सहज मोजनी नसती सायेब. मोजनी झाली का जमीन जाती. आमच्याकडं धरनात गेली."

"अरे, मी शिक्षक आहे. चालायला आलोय."

"मंग चाला की! खडू कशापायी?"

मी खडू खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर तिन्ही आकडे पुसलेले होते. तिसऱ्या दिवशी चिंधूबाबा आपणहून माझ्याबरोबर चालू लागले. मी पुन्हा मोजणी करीत नाही ना, हे पाहण्यासाठी ते येत असावेत, असे मला बरेच दिवस वाटत होते.

ते मूळचे घोटीच्या पलीकडच्या एका भाताच्या गावचे. धरणाने जमीन घेतल्यावर उरलेल्या उतारावरच्या तुकड्यात दोन भावांचे भागेना, म्हणून धाकटा गोपाळ गावी राहिला आणि हे कामाच्या शोधात शहराकडे आले. टेकडीवर ते रोजंदारीचे मजूर होते. खड्डे खणणे, रोपांना पाणी घालणे, चोरून लाकूड तोडणाऱ्यांना हुसकावणे ही कामे इतर मजूरही करीत. वाटेचे काम मात्र एकट्या चिंधूबाबांचे होते. आणि ती वाट चालण्यासाठी केलेलीच नव्हती, हे मला त्यांच्याकडून कळले. ती जाळरेषा होती. उन्हाळ्यात वणवा लागला तर तो एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला जाऊ नये म्हणून टेकडीभोवती गवत खरवडून ठेवलेला उघडा पट्टा. आम्ही साखरवाले, रक्तदाबवाले लोक तिला फिरण्याची वाट म्हणत होतो. पावसाळ्यात ती गवतात पूर्ण बुडे. दिवाळी सरली की चिंधूबाबा फाटकापासून सुरुवात करीत आणि एकेक हात खरवडत दोन महिन्यांनी उलट्या बाजूने पुन्हा फाटकाशी येत.

"निम्मं झालं का लय जीवावर येतं," ते एकदा खाणीच्या वळणावर टेकून म्हणाले. "वाटतं, द्यावं सोडून आन जावं माघारी. पन माघारी जायला बी तेवढंच अंतर. मंग म्हनतो, चल पुढंच."

गोल वाटेचा हा गुण मी वर्गात कधी शिकवला नव्हता. त्यानंतर शिकवू लागलो.

चौथीच्या मुलांची दरवर्षीची परिसर-फेरी मी या टेकडीवर नेऊ लागलो, तेही त्यांच्यामुळेच. मी मुलांना झाडाचे नाव, पानाचा आकार, फुलण्याचा महिना असे क्रमाने सांगे. मुले क्रमाने विसरत. चिंधूबाबा काहीच सांगत नसत, पण त्यांना विचारल्यावाचून मुलांना राहवत नसे. एकाने विचारले, "बाबा, इथे बिबट्या आहे का?"

"हाय की."

मुलांची रांग जागीच थबकली.

"पन तो सकाळच्या शाळेचा. तुमची दुपारची. गाठ पडायची नाय."

सगळी रांग हसली. तरीही पुढची सारी वाट मुले कमालीच्या शिस्तीने चालली. मला वीस वर्षांत जी शिस्त लावता आली नव्हती ती बिबट्याच्या वेळापत्रकाने लावली.

एका चैत्रात मी वणवा पाहिला. कोणीतरी खाणीजवळ विडी टाकली असावी. वारा पडलेला होता म्हणून आग उंच उठली नाही, गवतातून सरपटत आली. चिंधूबाबा आणि दोन मजूर करंजाच्या ओल्या फांद्यांनी ती झोडपत होते. मीही एक फांदी घेतली. पाच मिनिटांत माझा श्वास संपला. ते तासभर झोडपत होते. आग वाटेपर्यंत आली, उघड्या मातीच्या कडेला घुटमळली आणि विझली. पलीकडची दोन हजार रोपे वाचली. चिंधूबाबांच्या भुवया जळाल्या होत्या. ते काठी रोवून टेकले, आणि त्या दिवशी डोळे उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

"आता दम निघत नाय, गुरुजी," ते म्हणाले. "एकदा कायम झालो का बसनार. मंग मला उठवू नका."

कायम होणे. त्यांच्या आयुष्यातली एकच मागणी होती आणि ती या दोन शब्दांत मावत होती. रोजंदारीच्या मजुराला काम असेल त्या दिवशीचा रोज मिळे, आजारपणात काही नाही, म्हातारपणी तर काहीच नाही. कायम झालेल्याला रजा होती, दवाखाना होता आणि शेवटी निवृत्तिवेतन होते. चिंधूबाबांनी वीस वर्षे वाट खरवडली होती. गुडघे गेले होते. खाली मळ्यात झेंडू तोडायला जाणारी त्यांची बायको हौसाबाई सकाळीच भाकरी घेऊन फाटकाशी येई आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "ह्यांनी टेकडीशी लगीन लावलंय, गुरुजी. मी आपली भाकरी पोचवनारी."

सत्त्याण्णव साली जुन्या मजुरांना कायम करण्याची यादी निघाली. चिंधूबाबांची हजेरी पुरेशी भरत होती. फक्त वयाचा दाखला नव्हता. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. जन्माची नोंद कुठेच नव्हती. कार्यालयाने सांगितले की जवळच्या नातलगाच्या शाळेतील नोंदीवरून वय काढून कोणा शिक्षकाने तसे लिहून दिले तरी चालेल. चिंधूबाबा ते चतकोर कागदावर कोणाकडून तरी लिहून घेऊन माझ्याकडे आले.

"तुम्ही हिशेबाचे पक्के, गुरुजी. काढा माझं वय."

या कामाने मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. रविवारी मी एसटीने घोटीला गेलो, तिथून जीपने त्यांच्या गावी. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सुट्टी असूनही शाळा उघडली आणि कपाटातून जुने दाखलबुक काढून दिले. त्यात धाकट्या गोपाळची नोंद मिळाली: एक जून, एकोणीसशे बावन्न. गोपाळ समोरच ओट्यावर उकिडवा बसला होता. मी विचारले, "चिंधू तुझ्यापेक्षा किती मोठा?"

"ते काय म्हाईत नाय. पन मी झालो तवा दादा गुरं वळायचा, असं आय म्हनायची."

"गुरं वळायला मूल केव्हा जातं तुमच्याकडे?"

"जातंय सात वर्साचं झालं का."

बावन्नमधून सात वजा. एकोणीसशे पंचेचाळीस. म्हणजे चिंधू बावन्न वर्षांचा, माझ्याहून एका वर्षाने मोठा. मी ते स्वच्छ अक्षरात लिहिले, प्रत्येक पायरीला आधार दिला, मुख्याध्यापकांची सही घेतली, खाली माझी केली. सोमवारी कागद कार्यालयात पोचवला. त्याच दिवसापासून मी त्यांना 'अरे चिंधू' म्हणणे सोडले. चिंधूबाबा म्हणू लागलो, अहो-जाहो करू लागलो.

ते हसून म्हणाले, "तुमच्या कागदानं मला म्हातारा केला, आन तुम्ही लागले पाया पडायला."

चार दिवसांनी कार्यालयातल्या कारकुनाने मला बोलावून घेतले. भला माणूस होता. माझा कागद त्याच्या टेबलावर होता.

"गुरुजी, पन्नासच्या आत वय असेल त्यालाच कायम करायचं, अशी अट आहे. तुम्ही अट वाचली नव्हती का?"

मी वाचली नव्हती. गणित सोडवण्याआधी उत्तर पाहू नये, असे मी मुलांना शिकवत असे.

"हा माणूस पंचेचाळीसचा दिसतो, सत्तेचाळीसचा दिसतो. आम्ही काय ते लिहिलंच असतं. एवढं अचूक कोणी मागितलं होतं तुम्हाला?" त्याने कागदावर बोट ठेवले. "आणि ही गोपाळची तारीख बघा. एक जून आहे."

"हो," मी म्हणालो, "दाखलबुकात तशीच आहे."

त्याने बोट उचलून घेतले. मग म्हणाला, "परवा यादी वर जाईल. तोवर दुसरा कागद आणलात तर हा मी फाडून टाकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिंधूबाबांबरोबर फेरीला निघालो. खाणीच्या वळणावर ते टेकले तेव्हा मी सारे सांगितले: अट, कारकुनाचे म्हणणे, दोन दिवसांची मुदत.

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "तुमाला काय वाटतं?"

मी जे उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "माझ्या सहीनं खोटं लिहायचं म्हटलं तर उद्या मी मुलांना काय तोंडानं शिकवू?"

"खोटं हाय का ते?"

"दाखलबुकात नोंद आहे, चिंधूबाबा."

"मंग नका लिवू," ते म्हणाले. काठी उपटली आणि चालू लागले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होतो. तो असता तर मला वाद घालता आला असता.

हौसाबाईने मात्र मला सोडले नाही. त्या दुपारी शाळेच्या फाटकाशी ती उभी होती. अंगाला झेंडूचा वास, हाताची बोटे पिवळी. "गुरुजी, तुमच्या शाळंत दोन-तीन वर्सं कमी मांडता येत नाय व्हय? पोरं तर वजाबाकी करत्यात."

"हौसाबाई, वय हे काही..."

"आवं, वय माझ्या दादल्याचं हाय. त्याला चालतंय, मला चालतंय, सायबाला चालतंय. तुमालाच कसं नाय चालत?"

घंटा झाली. मी वर्गात गेलो आणि दोन तास काय शिकवले ते मला आठवत नाही. दुसरा कागद मी लिहिला नाही. यादी वर गेली.

यादी लागली त्या दिवशी चिंधूबाबा मला प्रथमच बसलेले दिसले. करंजाच्या बुंध्याशी, पाय पसरून, काठी बाजूला आडवी. मला पाहून ते उठले नाहीत. मीही शेजारी बसलो. ते म्हणाले, "तिघं झाले कायम. ते गंगापूरकडचं पोरगं बी झालं, ज्याला फांदी धरता येत नाय." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमी खरं लिवलं ना, गुरुजी? मंग झालं."

त्यांनी माझी समजूत काढली असे मी त्या वेळी धरले. पुढे कित्येक वर्षे मी त्या वाक्याच्या आधाराने झोपलो.

त्यानंतर ते आणखी पाच वर्षे रोजंदारीवर राहिले. वाट खरवडायला आधी दोन महिने लागत, मग तीन लागू लागले. आमच्या फेऱ्याही मंद होत गेल्या. माझ्या वर्गातली मुले साठवरून ऐंशीवर गेली होती. जनगणना, मतदारयाद्या, पोलिओचे डोस ही कामे शिकवण्याच्या वर चढली होती. आम्ही दोघे दमलेली माणसे टेकडीभोवती एक फेरी घालत होतो आणि कोण जास्त दमला आहे याची चर्चा टाळत होतो. कधी कधी पूर्ण फेरीत दोनच वाक्ये होत. "आज ऊन लवकर आलं." "व्हय." त्यात काही उणे आहे असे वाटत नसे.

मग वाटेवर सिमेंटचे ठोकळे बसवण्याचे ठरले. काम ठेकेदाराकडे गेले. ठोकळ्यांत गवत उगवत नाही, म्हणून खरवडणाऱ्याची गरज नव्हती. फाटकाशी तिकिटाची खिडकी झाली. चिंधूबाबांना एका महिनाअखेरीस सांगण्यात आले की उद्यापासून येऊ नये. वीस अधिक पाच वर्षांचा शेवट एका वाक्यात झाला, आणि ते वाक्य सांगणारा मुकादमही रोजंदारीवरच होता. चिंधूबाबा हौसाबाईबरोबर खालच्या मळ्यात फुले तोडायला जाऊ लागले.

दोन हजार चार साली, एकतीस मेला, मी सेवानिवृत्त झालो. आमच्या केंद्रातले आम्ही पाच शिक्षक एकाच दिवशी निवृत्त होत होतो. शाल, नारळ, भाषणे. नव्या मुख्याध्यापिका विनोदी होत्या. त्या म्हणाल्या, "पाचपैकी चौघांची जन्मतारीख एक जून! तुमच्या काळात गावात इतर महिन्यांत मुलं जन्मतच नव्हती की काय?"

सभागृह खळखळून हसले. सर्वांनाच ठाऊक होते. आई-बाप मुलाला घेऊन शाळेत येत, जन्मतारीख विचारली की एकमेकांकडे पाहत, आणि शिक्षक मुलाचे दात, उंची पाहून एखादे साल धरीत व पुढे एक जून लिहून टाकीत. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून जून. मी स्वतः माझ्या हाताने अशा शेकडो तारखा लिहिल्या होत्या. माझी स्वतःचीही तशीच. माझी आई सांगे की मी पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, विंचूरला कांद्याची लागण चालू असताना जन्मलो. साल तिला सांगता येत नसे. त्या लिहिलेल्या तारखेवर मी नोकरीला लागलो, पगारवाढी घेतल्या, आणि त्याच तारखेवर आता निवृत्तिवेतन घेणार होतो. एकदाही माझ्या सहीला अडचण आली नव्हती.

लोक हसत होते आणि माझ्या मांडीवरचा नारळ मला जड झाला. कारकुनाने एक जूनवर बोट ठेवले होते ते मला समजावे म्हणून. गोपाळची तारीख कोणा शिक्षकाने त्याचे दात पाहून लिहिली होती. मी तिला सत्य मानून तिच्यातून सात वजा केले, आणि ते सातही 'सात वर्साचं झालं का' या बोलण्यातले. मला ते त्या वेळी दिसले नाही असे म्हणणे बरोबर होणार नाही. दिसले असणार. परंतु ते शाईत लिहिलेले होते, दाखलबुकात होते, आणि तसे दाखलबुक भरणाऱ्या माणसाने त्याच्यावर शंका घ्यावी, हे मला जमले नाही. मी ज्याला खरे म्हणून राखले ते मुळात कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेलो. चिंधूबाबा झेंडूच्या वाफ्यात वाकले होते. मी म्हणालो, "एक फेरी मारू या." त्यांनी मालकाकडे पाहिले, मालकाने मान हलवली. मी दोन तिकिटे काढली. आपल्याच वाटेचे तिकीट पाहून ते म्हणाले, "आयला! मला बी लागतं?" आणि ते खिशात जपून ठेवले.

करंजांखाली मी सांगायला सुरुवात केली. नेहमीप्रमाणे क्रमाने सांगितले. दुसरी कोणती रीत मला येत नाही. गोपाळची तारीख. माझी तारीख. आम्ही चौघे. मी स्वतः लिहिलेल्या शेकडो तारखा. ठोकळ्यांवर त्यांची काठी रुतत नव्हती, निसटत होती. म्हणून टेकायचे कुठे हा प्रश्न होता. खाणीच्या वळणावर त्यांनी कठड्याला पाठ लावली.

"म्हंजे मी किती वर्साचा?"

"ठाऊक नाही, चिंधूबाबा. कोणालाच नाही."

"बावन नव्हतो तवा?"

"असाल. नसालही."

ते खाली शहराकडे पाहत राहिले. सातपूरच्या बाजूला धूर होता. मला वाटले, आता ते काहीतरी बोलून मला मोकळे करतील. त्यांना ते येत असे. ते म्हणाले, "तवा हे म्हनले असते गुरुजी, तर लय बरं झालं असतं."

बस्स, एवढेच. उरलेली निम्मी फेरी आम्ही चाललो, कारण माघारी जायलाही तेवढेच अंतर होते. फाटकाशी ते म्हणाले, "चला, दुपारच्या गाडीला फुलं जायची," आणि मळ्याकडे वळले. त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. पुढेही भेटत राहिलो. ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. पूर्वीसारखे बोलणे म्हणजे क्षमा असे मानण्याची सोय मी स्वतःला दिलेली नाही.

तीन वर्षांनी, भातकापणीसाठी गावी गेले असताना, चिंधूबाबा वारले. खळ्यावर पेंढीला टेकले आणि पुन्हा डोळे उघडले नाहीत, असे गोपाळने कळवले. मला बातमी चार दिवस उशिरा मिळाली.

महिन्याभराने हौसाबाई माझ्या दारात आली. केस एकदम पांढरे झाले होते. हातात घडी घातलेला अर्ज होता. निराधार म्हाताऱ्यांना दरमहा थोडे पैसे देण्याची काही योजना होती. तीही शाळेत गेलेली नव्हती. तिलाही वयाच्या दाखल्यासाठी कोणा शिक्षकाचे, निवृत्त का असेना, लिहून दिलेले हवे होते. पायरीवर बसत ती म्हणाली, "गुरुजी, आता माझं वय काढायचंय. पन ह्यांचं काढलं तसं नगं."

मी तिला पाणी दिले. चष्मा लावला. कोरा कागद घेतला. तिच्या भावंडांबद्दल, लग्नाच्या वर्षाबद्दल, पहिल्या बाळंतपणाबद्दल मी काहीही विचारले नाही. तिच्याकडे नीट पाहिलेही नाही.

"अट किती वर्षांची आहे?" मी विचारले.

"साठ म्हनत्यात."

मी एकसष्ट लिहिले, खाली सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. अक्षर नेहमीसारखेच सुवाच्य आले होते.